सायडर, साचेवाला, आगवाला : आजोबांच्या घरातले तीन शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंना आजोबांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला आणि एक मळकं सर्व्हिस कार्ड सापडलं. कार्डावर लिहिलंय 'खाते : रिंग', त्याखाली 'डॉफर (बदली)' आणि पुढे वेगळ्या शाईनं 'सायडर, पाळी 2'. घरातल्यांना एवढंच माहीत की आजोबा लालबागला 'गिरणीत होते' आणि 1982 च्या संपानंतर कोकणात परतले. आजीचे भाऊ 'साचेवाले' होते, ते आजोबांना कायम कमी लेखायचे. आजोबांचे एक चुलतभाऊ 'आगवाले' होते, त्यांच्याशी मात्र सगळे अदबीनं वागायचे. ताईंचं म्हणणं : तिघेही गिरणीतच होते, मग ही कामं नेमकी कोणती, आणि हा फरक कशाचा?

ताई, मी 1967 साली करी रोडजवळच्या एका गिरणीत डॉफर म्हणून लागलो. चार वर्षांनी सायडर झालो आणि संपापर्यंत सायडरच राहिलो. म्हणजे तुमच्या आजोबांचं कार्ड आणि माझं कार्ड यांत फारसा फरक नसणार. संपानंतर मला परत घेतलं नाही. पुढे कामगारांच्या घरांच्या अर्जांसाठी लोकांचे जुने कागद लावून द्यायला लागलो, ते अजून चालू आहे. त्यामुळे अशी कार्डं शेकड्यांनी हाताखालून गेली आहेत. सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. 'गिरणी कामगार' हा शब्द बाहेरच्यांचा, फार तर मोर्चातला. आत कुणी स्वतःला तसं म्हणत नव्हतं. लालबागच्या नाक्यावर नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'गाव कुठलं' आणि दुसरा 'कुठल्या खात्यात'. खातं कळलं की त्या माणसाचा पगार किती, कानानं कमी ऐकतो का, छातीत घरघर असेल का, तो कुणाच्या वशिल्यानं लागला असेल, एवढं सगळं अंदाजानं कळायचं. तुमच्या कार्डावरचं 'रिंग' हे तसंच वाचायचं.

कापसाची गाठ गिरणीत आली की ती फोडून मिक्सिंगला जाते, तिथून ब्लोरूमला. तिथे धूळ, काडीकचरा झडतो आणि कापसाची जाड गुंडाळी होते, तिला लॅप म्हणतात. मग कार्डिंग, मग ड्रॉइंग, मग स्पीड फ्रेम. इथपर्यंत कापूस फक्त बारीक आणि सरळ होत जातो, सूत अजून झालेलं नसतं. सूत होतं ते रिंगला. जुनी माणसं रिंग खात्याला 'त्रासन' म्हणायची. त्याआधीच्या थ्रॉसल नावाच्या यंत्राचं ते आपल्या तोंडी रुळलेलं रूप. आजी 'ह्यांचं त्रासन खातं' असं काही म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत असेल तर ते हेच. रिंगनंतर वाइंडिंग, वॉर्पिंग, कांजी, भरणी ही विणकामासाठी सूत तयार करणारी खाती, मग विणकामाचे साचे आणि शेवटी कपडाखातं, जिथे कापड तपासून, घडी घालून, छाप मारून गाठी बांधायच्या. प्रत्येक खात्यात दहा-बारा प्रकारची कामं. एका गिरणीत पाचपन्नास वेगवेगळे धंदे एका छपराखाली चालत, असं म्हटलं तरी चालेल.

आता डॉफर. रिंग फ्रेम म्हणजे लांबलचक यंत्र, दोन बाजू, प्रत्येक बाजूला साधारण दोनशे चात्या, म्हणजे स्पिंडल. वर रोविंगच्या, म्हणजे स्पीड फ्रेमवरून आलेल्या कापसाच्या जाड वातीच्या, बॉबिनी टांगलेल्या, मधे रोलर, खाली चाती. चाती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे ती फिरताना दिसत नाही, नुसती थरथर दिसते. चातीवरची बॉबिन सुतानं भरली की यंत्र थांबवतात आणि डॉफरांची टोळी तुटून पडते. डाव्या हातानं भरलेली बॉबिन उपसायची, उजव्या हातानं रिकामी ठोकायची, पुढे सरकायचं. आम्ही सहा जण एका फ्रेमला दोन-तीन मिनिटांत मोकळं करायचो. यंत्र थांबलं म्हणजे उत्पादन थांबलं, म्हणून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पाठीशी उभा. लगेच पुढची फ्रेम. सबंध पाळीभर हेच. डॉफर बहुतेक कोवळी पोरं असत, कारण कमरेत सतत वाकून झपाट्यानं चालायला तिशीनंतर जमत नाही. तुमच्या आजोबांचा पहिला हुद्दा डॉफर आहे, म्हणजे ते गिरणीत अगदी तरुणपणी शिरले असणार.

डॉफरनंतर काही गिरण्यांत मधे एक पायरी होती, तारवाला. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडणारा. त्याच्यावर सायडर. नावातच आहे ते, साइड सांभाळणारा. एका बाजूच्या, पुढे दोन बाजूंच्या सगळ्या चात्या त्याच्या अंगावर. चात्यांवरून नजर फिरवत तो पाळीभर येरझाऱ्या घालतो. कुठे तार तुटली की रोलरपुढे कापसाची पातळ पात मोकळी लोंबायला लागते. तिथे जाऊन डाव्या हातानं चाती थांबवायची. बॉबिन उचलून सुताचं टोक शोधायचं, बॉबिन परत बसवायची. रिंगवर एक चिमुकला लोखंडी आकडा असतो, इंग्रजी सी अक्षरासारखा, त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. नखाच्या टोकानं सूत त्या ट्रॅव्हलरखालून काढायचं, वरच्या तारेच्या कडीतून घ्यायचं आणि रोलरमधून येणाऱ्या पातीला नुसतं टेकवायचं. टेकवताक्षणी चाती सोडायची. पीळ आपोआप वर चढतो आणि तार धरते. चांगला सायडर हे तीन-चार सेकंदांत करतो. क्षणभर आधी सोडलं तर जोड लागत नाही, उशीर झाला तर तिथे गाठोडं होतं आणि ते पुढे साच्यावर कापडात दिसतं.

मला हे एका कुडाळकडच्या काकांनी शिकवलं. त्यांनी तोंडी काहीच सांगितलं नाही, एक तर आवाजात ऐकू आलं नसतं. माझा हात मनगटाशी धरला, माझ्या बोटांवर त्यांची बोटं ठेवली आणि तीस-चाळीस वेळा तार जोडून दाखवली. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, ट्रॅव्हलरखाली सूत घालून घालून. वर्षभरात माझंही तसंच झालं. तुमच्या आजोबांचा हात कुणाला नीट आठवत असेल तर विचारून बघा. रिंगवाल्याच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर बारीक उभ्या चिरा असायच्याच, सूत हातातून सरकताना कापतं. दुसरी खूण म्हणजे चाल. सायडर दिवसभरात कित्येक मैल चालतो, पण एका अरुंद बोळात, मान बाजूला वळवून. आमच्यातले बरेच जण रस्त्यानं चालतानाही मान किंचित डावीकडे ठेवून चालायचे.

'पाळी 2' म्हणजे दुपारी साडेतीन ते रात्री बारा. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, तिसरी बारा ते सात. हे कार्ड लिहिलं तेव्हा आजोबा रात्री बारानंतर घरी परतत होते. घरी म्हणजे खोलीवर. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण राहत. पहिली पाळीवाला उठून गेला की त्याच्या जागी तिसरी पाळीवाला अंग टाकायचा. जेवण खानावळीत, कुणा मावशीकडे महिनेवारी. या खानावळवाल्या बायका हा एक वेगळा विषय आहे. त्यांच्यासाठीच 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हजारो पुरुषांचा पगार दहा तारखेला हातात येईपर्यंत त्यांना उधारीवर जेवू घालणं हा गिरणगावातला धंदाच होता. त्याशिवाय कुठलंच खातं चाललं नसतं.

कंसातल्या 'बदली' या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्या. कार्डावरचा सगळ्यात जड शब्द तोच आहे. बदली म्हणजे कायम नसलेला. कुणी खाडा केला तर त्याच्या जागेवर त्या दिवसापुरता उभा राहणारा. 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली कार्डं सुरू केली. ज्यांच्याकडे कार्ड असेल त्यांनीच रोज पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकात हजर व्हायचं. भोंगा झाला, सगळे आत गेले की जॉबर खात्यातल्या रिकाम्या जागा मोजणार, बाहेर येणार आणि बोटानं दाखवणार : तू, तू आणि तू. बाकीच्यांनी परत जायचं. महिन्यात कधी बारा दिवस भरले, कधी सहा. बदलीवाल्याचा हंगाम म्हणजे मे महिना, गणपती आणि शिमगा. कायम माणसं कोकणात गेली की आम्हाला काम. त्यामुळे स्वतःच्या घरचा गणपती बघायला मिळणं म्हणजे कायम होणं, अशी आमची व्याख्या होती. मी चार वर्षं गणपतीत मुंबईतच होतो. काही जण दहा-बारा वर्षं बदलीच राहिले आणि त्यातच संप झाला.

जॉबरबद्दल लोक खूप वाईट बोलतात, आणि ते खोटं नाही. माणूस लावायचा त्यानं, काढायचा त्यानं, रजा द्यायची त्यानं, उसने पैसे द्यायचे तेही त्यानंच, व्याजानं. 1929 साली नेमलेल्या शाही मजूर आयोगापुढेही जॉबरच्या दस्तुरीच्या, म्हणजे कामासाठी त्याला द्याव्या लागणाऱ्या पैशांच्या, तक्रारी आल्या होत्या आणि 1931 च्या अहवालात त्याची नोंद आहे. माझ्या वेळेपर्यंत कायदे आले होते, लेबर ऑफिसर आले होते, तरी माझ्या वडिलांनी आमच्या खात्यातल्या जॉबरला एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आणि गावाहून आणलेली काजूची पिशवी दिली, तेव्हा माझं बदली कार्ड निघालं. याचा राग मला अजून आहे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. जॉबर हा स्वतः आधी डॉफर, मग सायडर झालेला माणूस असायचा. यंत्राचा आवाज थोडा बदलला की कुठल्या चातीचं तेल संपलंय ते त्याला कळायचं. मास्तर लोक, म्हणजे खात्याचे अधिकारी, कॉलेजातून यायचे, इंग्रजीत बोलायचे आणि अडलं की जॉबरला हाक मारायचे. जॉबर हे पद चुकीच्या पद्धतीनं वापरलं गेलं, पण ते काम येरागबाळ्याचं नव्हतं.

आता आजीच्या भावाकडे येऊ. साचा म्हणजे लूम, साचेवाला म्हणजे विणकर. आमच्या काळातही बऱ्याच गिरण्यांत जुने साधे साचे होते. उभे धागे बीमवरून, म्हणजे ते गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरून, येतात, राचांमधून (धागे वरखाली करणाऱ्या चौकटींमधून) आणि फणीमधून जातात. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा, आणि प्रत्येक वेळी फणी ठोकते. असे शेकडो साचे एका छपराखाली. तो आवाज कानानं ऐकण्याच्या पलीकडचा असतो, तो छातीत वाजतो. साचाखात्यात बोलणं हातवाऱ्यांचं आणि ओठांचं. चहा, जॉबर आला, बीम संपला, बायको बाळंत झाली, सगळ्याला खुणा होत्या. म्हणून साचेवाले घरीही मोठ्यानं बोलतात. भांडतायत असं वाटतं, पण नसतात. तुमच्या आजीच्या भावाबद्दल 'ते ओरडायचे' अशी आठवण असेल तर ती याच खात्याची देणगी समजा.

साचेवाल्याचा तोरा पगारातून यायचा. रिंगला रोजावर पगार, साच्याला कापडावर. जेवढं कापड निघेल तेवढे पैसे. चपळ साचेवाला आमच्यापेक्षा बराच जास्त कमवायचा आणि तो स्वतःला कारागीर समजायचा. आम्ही त्याच्या दृष्टीनं नुसतं सूत पुरवणारे. पण कापडावर पगार म्हणजे कापडातला दोषही त्याच्याच अंगावर. एक तार तुटलेली लक्षात आली नाही, गजभर कापडात रेघ पडली, की कपडाखात्यातला तपासनीस तो तागा बाजूला काढणार. जुन्या काळी असं खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याचे पैसे पगारातून कापायचे. सूत मुळात आमच्या रिंगवरून वाईट आलं असलं तरी. साचेवाले आमच्यावर खार खायचे त्यामागे हेही कारण होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही खाल्ला असता.

आधी एक विणकर दोन साचे बघायचा. 1920 च्या दशकाच्या शेवटी मालकांनी तीन-चार साचे बघायला लावायला सुरुवात केली, रिंगलाही एका बाजूऐवजी दोन बाजू. माणसं कमी, काम दुप्पट. 1928 चा मोठा संप यातूनच पेटला, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. लाल बावटा आणि डांगे, मिरजकर, जोगळेकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावं गिरणगावात घरोघरी पोचली ती तेव्हापासून.

आणि इथेच एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही ती विचारलेली नाही, पण तिच्याशिवाय 'रिंग' आणि 'साचा' यांतला फरक पुरा होत नाही. साचाखात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला घेत नसत. कारण धोटा. धोट्यात सुताची कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याची झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, धागा ओठांवर येतो. दिवसाला शेकडो वेळा. एका पाळीचा धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. सवर्ण विणकर म्हणाले, आम्ही यांचा उष्टा धोटा तोंडाला लावणार नाही. झालं, जास्त पगाराचं खातं दलितांना बंद. ते रिंगला, कार्डिंगला, ब्लोरूमला, झाडकामाला. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपातच हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि तो मागण्यांमध्ये घ्यायला लावला. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना हे स्वतःहून सुचलं नव्हतं, हे मी चळवळीतला माणूस म्हणून लिहितोय आणि ते लिहिताना मला वाईट वाटतं. त्या धोट्यानं क्षयही पसरवला, तेव्हा मात्र त्यानं जात पाहिली नाही.

याचा अर्थ रिंगमधला प्रत्येक जण दलित होता असा नाही. रत्नागिरीचे, साताऱ्याचे मराठा, कुणबी, भंडारी रिंगमध्ये भरपूर होते. तसंच साच्यावर आपल्या लोकांबरोबर उत्तरेकडचे भय्ये, मदनपुऱ्याचे मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली हे पिढीजात विणकामातले लोक होते. तुमच्या घरातच एक जण साच्यावर आणि एक रिंगवर होता, म्हणजे तिथे वशिल्याचा भाग असणार. जॉबर ज्या खात्यातला भेटला त्या खात्यात माणूस लागला. पण खात्यांची जी उतरंड होती आणि तिच्यामुळे जी बोलण्याची पद्धत पडली, तिच्या बुडाशी जात होती. तुमच्या आजीच्या भावाला हे कदाचित ठाऊकही नसेल. बोलणं मात्र त्याच्या तोंडी आलं.

आगवाल्याशी सगळे अदबीनं का वागायचे ते सोपं आहे. आगवाला म्हणजे बॉयलरवर कोळसा टाकणारा. त्याची चूक म्हणजे एक तागा खराब होणं नव्हे, अख्खी इमारत जाणं. फावड्यानं कोळसा नुसता फेकायचा नसतो, तो भट्टीभर पातळ थरात पसरावा लागतो, नाहीतर मधे भोक पडून थंड हवा आत शिरते. खंगर, म्हणजे जळून घट्ट झालेली राख, खेचून काढायचा. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर डोळा ठेवायचा, पाणी त्या खुणेखाली जाता कामा नये. सुट्टीनंतर गिरणी सुरू व्हायची असेल तर तो सगळ्यांच्या कितीतरी आधी येणार, कारण बॉयलर एकदम तापवला तर पत्रा फाटतो, हळूहळू वाफ चढवावी लागते. बॉयलर ज्याच्या ताब्यात, त्याला सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट लागायचं. तुमच्या चुलत आजोबांकडे तसं काही असेल तर ते जपून ठेवा, खात्यातल्या फार थोड्या लोकांकडे असा कागद असायचा.

लोकांना वाटतं वीज आली आणि आगवाला गेला. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली हे खरं, आणि हळूहळू वाफेची इंजिनं गेली. पण कांजी शिजवायला, कांजी लावलेले धागे वाळवायला, कापड रंगवायला, धुवायला वाफच लागते. त्यामुळे बॉयलर राहिले आणि आगवालेही. पुढे कोळशाच्या जागी तेल आलं, फावडं गेलं, नाव तेच राहिलं. आणि जुन्या गिरण्यांत भोंगा वाफेवर वाजायचा. अख्ख्या लालबागला उठवणारा हात कुणाचा, तर आगवाल्याचा. आमच्या चाळीत एक आगवाले होते, त्यांची मुलं शाळेत सांगायची, 'आमचे बाबा भोंगा वाजवतात.'

बाकीची कामं थोडक्यात. कार्डिंग आणि ब्लोरूममध्ये तूस इतकं उडायचं की समोरच्याची भुवई पांढरी दिसायची. त्या लोकांना सुट्टी घेऊन परत कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची, पुढच्या दिवशी जरा बरं वाटायचं. ते 'हवा बदलली' म्हणत. तो कापसाच्या धुळीचा रोग आहे, बिसिनोसिस. किती जण पुढे दमेकरी म्हणून गावी गेले आणि ते कामामुळे झालं हे कुठेच लिहिलं गेलं नाही. कांजी खात्यातला सायझर हा चांगल्या पगाराचा, वजनदार माणूस. धाग्यांना कांजी कमी झाली तर साच्यावर तुटतात, जास्त झाली तर ताठ होऊन तुटतात. ते तो बोटांनी चाचपून ठरवायचा. भरणीवाले दोघे समोरासमोर बसून हजारो धागे एकेक करून राचांमधून ओढायचे, डोळ्यांचं काम. मेकॅनिक खात्यात फिटर, टर्नर, लोहार, सुतार. ही मंडळी गिरणी सुटली तरी कुठेही पोट भरू शकत होती, आमचं तसं नव्हतं. सायडरचं कसब फक्त रिंग फ्रेमपुढेच उपयोगाचं. संपानंतर ते आम्हाला फार जड गेलं. चाळीशीतला माणूस, वीस वर्षं तार जोडलेली, आणि बाहेर त्या कसबाला एक रुपया किंमत नाही. कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी तुमच्या आजोबांसारखं गावी गेलं.

गिरणीबाहेरही याच भागात मोठी कामं होती. परळ आणि लोअर परळचे रेल्वे वर्कशॉप, गोदी, माथाडी, बेस्ट. रेल्वेवाल्याला मुलगी द्यायला लोक आधी तयार असत, कारण तिथे बदली पद्धत आमच्यासारखी नव्हती आणि पेन्शन होतं. एवढंच सांगून ते सोडतो.

आता कागदांचं. 'सायडर' हा शब्द कार्डावर वेगळ्या शाईनं का आला त्याला कारण आहे. 1947 साली औद्योगिक न्यायालयानं मुंबईच्या गिरण्यांसाठी पगाराचं प्रमाणीकरण केलं. त्याआधी एकाच कामाला दोन शेजारच्या गिरण्यांत वेगळा पगार असायचा. निवाड्यात 26 दिवसांच्या महिन्याला किमान मूळ पगार 30 रुपये ठरला, महागाई भत्ता वेगळा, आणि प्रत्येक हुद्द्याला त्याचा दर बांधून दिला. म्हणून नंतरच्या कार्डांवर हुद्दा नेमका लिहिणं भाग पडलं. डॉफरचा सायडर झाला म्हणजे दर बदलला. त्या ओळीच्या बाजूला तारीख किंवा बारीक सही असेल ती भिंगानं बघा. बहुधा तीच आजोबांच्या कायम होण्याचीही तारीख निघेल, कारण 'बदली' हा कंस दुसऱ्या ओळीत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण गिरणी कामगारांच्या घरांच्या सरकारी योजनेसाठी अर्ज केला आहे का ते घरात विचारा. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर जो कामगार हजेरीपटावर होता तो किंवा त्याचे वारस पात्र धरले जातात, आणि तुमचे आजोबा संपात होते म्हणजे त्या तारखेला पटावर असण्याची शक्यता मोठी. कार्डाबरोबर ट्रंकेत आणखी काय आहे ते बघा : ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, रजेचं पुस्तक, पगाराची पावती. कागदाच्या मागच्या बाजूंवर पेन्सिलीनं लिहिलेलंही सोडू नका. नावात फरक असेल, कार्डावर वडिलांचं नाव आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव असेल, तर घाबरू नका. जॉबर सांगायचा तसं कारकून लिहायचा. निम्म्या लोकांच्या कागदांवर असंच आहे. नावं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करता येतं.

आणि तो बिल्ला. त्यावर ठोकलेला आकडा हा आजोबांचा तिकीट नंबर. हजेरीपटावर, पगाराच्या यादीत, सगळीकडे माणूस त्या नंबरानं शोधायचा असतो, नावानं नाही. पितळ काळं पडलंय म्हणून तो घासून चकचकीत करायचा मोह होईल. घासू नका. चिंच, राख, पॉलिश काहीच लावू नका. आधीच वीस-पंचवीस वर्षं तो रोज खिळ्याला अडकून आणि हातात खेळून झिजलेला असणार, आकड्याच्या कडा पातळ झालेल्या असतात. उजेडात तिरका धरून आकडा वाचा, कागदावर उतरवून घ्या, आणि बिल्ला सुती कपड्यात गुंडाळून होता तिथेच ठेवा.